काढायची प्लेट की चिकटवलेली?

"मुलगा प्लेट घालतच नाही, पक्की बसवून टाकू का?" दातांच्या तक्रारीसाठी समुपदेशकाकडे कशाला यायचं, असं कुणालाही वाटेल. पण मालवणातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच.

13 वर्षांचा मुलगा. खालचा जबडा मागे, वरचे दात पुढे. डॉक्टरांनी ट्विन ब्लॉक दिला होता. वर एक, खाली एक अशा दोन प्लेटा. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे सरकतो. जेवतानाही घालायच्या, साधारण वर्षभर. वाढीचा जोर असतानाच याचा खरा उपयोग, म्हणून आईचा जीव टांगणीला.

"मॅडम, डॉक्टरांका सांगा, ह्येच्या तोंडात चिकटवूनच टाका. काढूकच येव नये."

तीन भेटी वाद ऐकण्यातच गेल्या. चौथ्या वेळी आईला बाहेर बसवलं आणि ‘का घालत नाहीस’ हा प्रश्नच सोडून दिला. (याचा मला अजून थोडा अभिमान आहे.) विचारलं, "केव्हा केव्हा काढतोस?" त्याने बोटं मोजली. शाळेत वाचायची पाळी आली की. मासे खाताना. आणि भजनाला, कारण ‘स’ म्हटलं की थुंकी उडते.

"रात्री घालतंय मी, रोज. कोणी इचारल्यानच नाय."

पोरगा हट्टी नव्हताच. जिथे चार लोक त्याचा आवाज ऐकतात, तिथेच प्लेट निघत होती. तोंड ज्याचं, निर्णयात पहिला वाटा त्याचा, हे मी पालकांना नेहमी सांगते. काहींना ते आवडत नाही.

चिकटवायचं तर हर्बस्ट असतं; दातांवर पक्कं बसवलेलं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं. जबड्यातला फरक ट्विन ब्लॉक आणि हर्बस्ट, दोन्हींनी जवळपास सारखाच पडतो. 2003 च्या एका ब्रिटिश अभ्यासात ट्विन ब्लॉक तिघांतल्या एकाने अर्धवट सोडला, चिकटवलेलं हर्बस्ट आठांतल्या एकाने. बोलण्याची अडचणही हर्बस्टमध्ये कमी. मात्र ते जास्त मोडतं, सुटतं, आणि दर वेळी कुडाळची एसटी धरावी लागते. नंतर तारा बहुतेकांना लागतातच, काहीही निवडा.

डॉक्टरांसमोर हे सगळं त्यानेच विचारून घेतलं आणि चिकटवलेलंच निवडलं. आई महिनाभर ज्याची धमकी देत होती, तेच.

"रोज रोज ठरवूक नको," म्हणाला.

अट एकच. नंतर कडक खाणं बंद, तेव्हा आंगणेवाडीच्या जत्रेपर्यंत थांबायचं. खडखडे लाडू खाऊन झाले आणि पुढच्या सोमवारी हर्बस्ट बसलं.