डोक्याला मार लागलेल्या जवानाला स्पीच थेरपीचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की लष्करातल्या भावाच्या डोक्याला मार लागून सहा महिने झाले, सीटी स्कॅन नॉर्मल आहे, तरी त्याला शब्द सापडत नाहीत, सांगितलेलं विसरतो, चटकन भडकतो. आणि स्पीच थेरपी तर तोतऱ्या मुलांसाठी असते ना?

उपयोग होतो. ‘तोतऱ्या मुलांची’ वगैरे मीही म्हणालो होतो, आणि त्या नादात आमचे चार महिने वाया गेले. मी डॉक्टर नाही, अण्णाचा धाकटा भाऊ आहे. अण्णा लष्करात हवालदार होता. घाटात गाडी उलटली, तेव्हा डोकं आपटलं. जवानाच्या डोक्याला मार म्हटलं की लोकांना स्फोट आठवतो. पण अमेरिकी सैन्यात 2000 सालापासून चार लाखांहून जास्त जवानांना असा मार लागल्याची नोंद आहे आणि त्यातले बहुतेक रणांगणाबाहेरचे आहेत: अपघात, पडणं, प्रशिक्षण.

सीटीचं आधी सांगतो. त्यात रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. डोक्याला जोरात हिसका बसून मेंदूतले बारीक तंतू ताणले किंवा तुटले, तर ते बरेचदा त्यात दिसत नाही. आमचे एक काका ‘रिपोर्ट चांगलाय, मग हा नाटक करतोय’ म्हणायचे. तुमच्याकडे असे काका असतील तर त्यांना आवरा.

शब्द न सापडणं हे अफेजियाचं लक्षण, आपल्याकडे त्याला वाचाघात म्हणतात. जीभ-ओठांचे स्नायू नीट न चालल्याने बोलणं जड होणं वेगळं. लक्ष टिकत नाही, लक्षात राहत नाही, कामाचा क्रम लागत नाही, हे आणखी वेगळं. तिन्ही गोष्टी स्पीच थेरपिस्ट बघतात. भडकण्यामागे पुष्कळदा तिसरी असते. घरात टीव्ही चालू, तिघं एकदम बोलतायत, आणि याच्या हातून बोलण्याचा धागा सुटलेला. आम्ही टीव्ही बंद करून एकेकाने बोलायला लागलो, तर निम्मी भांडणं मिटली.

आता आमची चूक. आम्ही मूळचे अक्कलकोट तालुक्यातले, घरात कन्नड, शाळा मराठी, पलटणीत हिंदी. पहिल्या ठिकाणी (नाव घेत नाही) इंग्रजी चित्रांची कार्डं होती. त्यात इग्लू! अण्णा पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवून ‘नीरु’ म्हणाला, तर कागदावर लिहिलं, ‘निरर्थक शब्द’. कन्नडमध्ये पाण्याला नीरुच म्हणतात. मेंदूला मार लागला की माणसाच्या सगळ्या भाषा सारख्याच जातात आणि सारख्याच परत येतात असं नाही. दुसऱ्या ठिकाणच्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘आईशी कुठल्या भाषेत बोलतात?’ तिथून गाडी रुळावर आली. सोलापुरात घरोघरी तेलुगू, कन्नड, उर्दू आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

त्या जानेवारीत आम्ही त्याला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेला नेलं. तेव्हा त्याला धड ‘चहा’ म्हणता येत नव्हतं. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज समोर आले आणि हा खणखणीत ओरडला, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय!’ अव्वा (आमची आई) रडायला लागली, मी मोबाइलवर सगळ्यांना कळवून टाकलं की अण्णा बरा झाला. अर्ध्या तासात गर्दी-गोंगाटाने तो कानावर हात ठेवून खाली बसला. बाईंनी नंतर समजावलं की पाठ झालेलं बोलणं, म्हणजे आकडे, प्रार्थना, गाणी, शिव्यासुद्धा, पुष्कळदा शाबूत राहतं. नवा शब्द शोधून बोलणं ही वेगळी कसरत आहे. पण त्या पाठ बोलण्याचा हात धरता येतो. कवायतीचे ‘सावधान, विश्राम’ म्हणत आवाज मोकळा करायचा आणि मग शब्दांकडे वळायचं, हा आमचा क्रम ठरला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर काम केलेले रशियन मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी एका जवानाला असंच लिहितं केलं होतं: अक्षर आठवत बसायचं नाही, हात न उचलता शब्द सरळ लिहून टाकायचा.

घरी काय केलं? शब्द अडला की आम्ही तो पुरवायचो नाही. मनात दहा आकडे मोजायचे, मग त्या शब्दाचा पहिला आवाज सांगायचा. तरी नाही आला तर ‘कशाने करतात? कशाबरोबर खातात?’ असं विचारायचं. एकदा ‘लाल… कुटतात… भाकरी’ इथवर येऊन ‘शेंगाचटणी’ निघाली. लक्षात ठेवायची गोष्ट एक मिनिटाने विचारायची, मग दोन, चार, आठ, असं अंतर वाढवायचं. इथे मात्र अंदाज बांधायला लावायचं नाही, चूक झाली तर उत्तर लगेच सांगायचं, कारण चुकलेलंच पक्कं बसतं. खिशात एक डायरी. हे रोज अर्धा तास. जास्त केलं की थकतो आणि त्या दिवसाचं सगळंच जातं.

भाऊ सेवेत असेल तर लष्करी रुग्णालयामार्फतच जा, पुण्याचं कमांड हॉस्पिटल आहे. निवृत्त असेल तर ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) रेफर करून घ्या. खाजगीत गेलात तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का बघा, लाजू नका. वाचाघाताचं मोठं काम म्हैसूरच्या वाचा-श्रवण संस्थेत चालतं. आम्ही एकदा तिथे जाऊन आलो, बाकी सगळं घरून.

आता पाच वर्षं झाली. सगळ्यात जास्त फरक पहिल्या वर्षात पडला, पुढे हळूहळू, पण थांबला नाही. अण्णा चिठ्ठी घेऊन एकटा सोलापूरच्या नवी पेठेत जातो, हिशोब करून येतो. माझ्या मुलीचं नाव अजून अडतं, तिला तो ‘ए लेफ्टनंट’ म्हणून हाक मारतो. तीही ओ देते.