टाके पडलेत म्हणून डाळ बंद करू नका

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: आईंचं वजन ६० किलो, गुडघा बदलून आज नववा दिवस. मधुमेह आहे, अंडं खात नाहीत, दूध सोसत नाही. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून डाळ, वांगं, आंबट सगळं बंद केलंय. ताटात मऊ भात, नारळाच्या दुधातली साबुदाण्याची खीर आणि दोन वेळा हळदीचा काढा. आणि तुमचा प्रश्न, सूज उतरायला हळद अजून किती वाढवू?

हळद आहे तेवढी राहू द्या. आधी डाळ सुरू करा.

हे ठासून सांगते, कारण आमच्या घरी हाच घोळ झाला होता. सासऱ्यांच्या पावलाला जखम, साखर वाढलेली, रोज ड्रेसिंग, आणि दीड महिना झाला तरी जखम होती तेवढीच. "डाळीने पू धरतो" म्हणत मीच त्यांना पेज आणि तूपभातावर ठेवलं होतं. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी एक दिवस विचारलं, "आजोबा जेवतात काय?" मी सांगितलं तशी त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पू जंतूंमुळे होतो, तुरीमुळे नाही. नवी कातडी, नवा स्नायू उभा राहतो तो प्रथिनांतून. एरवी माणसाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात, जखम भरून येण्याच्या काळात १.२ ते १.५ ग्रॅम धरतात. म्हणजे आईंना दिवसाला ७० ते ९० ग्रॅम. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, वर साखर चढते ती वेगळी. पातळ वरणाच्या वाटीतही फार तर चार-पाच ग्रॅम.

दुधाशिवाय एवढं जमतं का? जमतं, पण मोजून करावं लागतं. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, म्हणजे १४ ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण ११, दोन ज्वारीच्या भाकऱ्या ६. संध्याकाळी मूठभर फुटाणे ६ आणि ३० ग्रॅम दाण्याचा कूट कशात तरी घालून ७. रात्री मटकीची उसळ ९, अर्धी-एक भाकरी ३. झाले ५६. उरलेली खिंड सोया लढवतं: ३० ग्रॅम सुके सोया चंक्स भिजवून, पिळून, खिमा करून भाजीत घातले की आणखी १५. सासऱ्यांना मी ते कधी सांगितलंच नाही, फ्लॉवर म्हणून खाल्लं त्यांनी. भूक नसेल तर हेच सहा वेळा थोडं थोडं द्या.

आता आंबट. १९३९ साली बोस्टनमधल्या जॉन क्रँडन नावाच्या तरुण सर्जनने स्वतःवरच प्रयोग केला. फळं-भाज्या सोडल्या, क जीवनसत्त्व पूर्ण बंद. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम छेद घेतला, तो नीट भरला. सहा महिन्यांनी घेतलेला दुसरा छेद मात्र आतून जुळेचना. क जीवनसत्त्व सुरू केल्यावर तोही भरला. जखम सांधणारं कोलॅजेन त्याच्याशिवाय घट्ट विणलं जात नाही. तेव्हा लिंबू, आवळा, पेरू बंद नाही, रोज. अर्धा-एक पेरू पुरे. लिंबू मात्र वरण खाली उतरवल्यावर पिळा, उकळीत त्यातलं बरंच जातं. जेवणाबरोबर लिंबू असलं की डाळ-पालेभाजीतलं लोहही जास्त लागू पडतं. चहा जेवणानंतर तासाभराने.

कडधान्यं भिजवून मोड आणूनच घ्या. त्यांतल्या फायटेट नावाच्या घटकामुळे जस्त (झिंक) नीट शोषलं जात नाही, मोड आले की तो अडसर कमी होतो. तीळ, भोपळ्याच्या बिया जस्तासाठी चांगल्या. जवसाची चटणी रोज चमचाभर द्या, त्यात ओमेगा-३ आहे, पण तिने आठवड्यात सूज उतरेल असं समजू नका. आणि सुरुवातीची थोडी सूज ही जखम भरण्याचाच भाग आहे.

हळदीबद्दल माझा राग नाही. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं. आपल्या शास्त्रज्ञ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये रद्द झालं. जुनं ज्ञान आहेच. पण काढ्यातलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य गुणकारी घटक, अंगात फार कमी शोषलं जातं, चिमूटभर मिरपूड घातली तर थोडं बरं. टाक्यांवर डब्यातली हळद दाबू नका. हळदीच्या कॅप्सूल तर नकोच, कारण गुडघ्यानंतर बहुधा रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते, आणि दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारूनच. मधुमेह जुना असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून घ्या, मूत्रपिंड कमजोर असेल तर वर सांगितलेलं प्रथिनांचं गणित चालणार नाही. आणि दूधही नाही, त्यात मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू असेल तर बी-१२ तपासा, तिने ते कमी होऊ शकतं. साखर चढलेली राहिली तर यातलं काहीच नीट लागू पडणार नाही. टाक्यांभोवती लाली पसरली, पाणी-पू आला किंवा ताप चढला तर ताटाचा विचार सोडा, सरळ फोन करा.

उद्याच्या धिरड्यांसाठी मूगडाळ आज रात्री भिजत घाला, आलं-जिरं घालून वाटा. मिरची आईंना चालते का तेवढं विचारा.