बॉल पायथन मागवतोयस? आधी कागद बघ

तुझी घाई कळते, पण विक्रेत्याला एक रुपयाही पाठवू नकोस अजून. बॉल पायथन हा आफ्रिकेतला साप साइटिसच्या (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतो, म्हणजे तो ज्या देशातून निघणार तिथला निर्यात परवाना हवाच. तो परवाना नीट वाच. त्यावर प्राण्याच्या उगमाचं एक अक्षर असतं: ‘सी’ म्हणजे बंदिवासात पैदास केलेला, ‘डब्ल्यू’ म्हणजे जंगलातून पकडलेला. ‘डब्ल्यू’ दिसलं तर नको म्हण. पश्चिम आफ्रिकेतल्या रानातून उचललेला साप गोचिड्या घेऊन येतो आणि महिनोन् महिने उंदराकडे बघतही नाही. उपाशी सापाची पाठ कशी धारदार होते ते मी पाहिलंय. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

इकडे भारतात डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयात परवाना, वन खात्याची ना-हरकत, उतरल्यावर पशु विलगीकरणाची तपासणी. घरी आला की २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी.

‘बॅगेतून आणून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेव. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात साप कितीदा सापडलेत. पकडले तर केस तुझ्यावर, आणि हाल त्या मुक्या जिवाचे.

आणि हो, आपल्याकडचा अजगर किंवा धामण पाळायचा विचारही करू नकोस, तो सरळ गुन्हा आहे.

पेटी आली की पहिले सात-आठ दिवस हात लावू नकोस. उबदार कोपरा, लपायला जागा, पाण्याचं भांडं, बस. हा पाहुणा वीस-तीस वर्षं राहणार आहे. घरच्यांशी बोललास ना?