पाहुण्यांपुढचा मी खरा की घरचा?

गोव्यात कांदोळीतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळणारा, डिचोली तालुक्यातला पस्तिशीचा तरुण समुपदेशनाला आला. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दिवसभर पाहुण्यांशी हसून बोलायचं आणि घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. बायको म्हणायची, "परक्यांना हसतोस, आमच्या वाट्याला हे तोंड." त्याने विचारलं, "मॅडम, मी ढोंगी आहे का? नोकरी सोडल्याशिवाय खरं जगता येणार नाही, असं वाटतं."

हॉटेल, बँक, रुग्णालय अशा ठिकाणी काम करणारे अनेक जण हाच निष्कर्ष काढतात, आणि तो बहुधा घाईचा असतो. कामावर हिंदी-इंग्रजी, घरी कोकणी, भजनाला मराठी. गोव्यात कोण असं बदलून बोलत नाही? तेवढ्याने माणूस खोटा ठरत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 1983 मध्ये 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. चेहऱ्यावर एक आणि मनात भलतंच, असा वरवरचा अभिनय माणसाला थकवतो. तेव्हा तो नेमका कुठे करावा लागतो, ते आधी शोधायचं.

त्यासाठी दोन आठवडे खिशात वही ठेवायची. चार रकाने: कोणाशी बोललो, काय बोललो, काय न बोलता गिळलं, ताण 0 ते 10 पैकी किती. दिवसाला तीन-चार नोंदी पुरतात, पण प्रसंगानंतर अर्ध्या तासात लिहायच्या. रात्री आठवून लिहिलं की सगळ्या दिवसाला सरसकट 7 पडतो. त्याचीही पहिली काही पानं अशीच वाया गेली.

नंतरच्या नोंदी बोलक्या निघाल्या. बहुतेक पाहुण्यांसमोर ताण 2 किंवा 3. म्हणजे हे काम त्याला आवडतच होतं! 9 पडायचे ते हाउसकीपिंगला तास लागणार हे ठाऊक असताना "दहा मिनिटांत रूम देतो, सर" म्हणताना. आणि रजेच्या विषयासमोर थेट 10. तो शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे जत्रेचं व्रत पाळणारा भक्त. जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन सुट्टीच्या गर्दीत. दरवर्षी तो "ताप आलाय" असं कळवून रजा घ्यायचा. ज्या व्रतासाठी माणूस सोवळं पाळतो, अग्निदिव्य करतो, त्याच्याचसाठी खोटं बोलायचं, हे त्याला वर्षभर टोचत होतं.

रूमसाठी नवं वाक्य तयार केलं: "साधारण एक तास लागेल. सामान इथे ठेवा, जेवून घ्या. रूम झाली की मी स्वतः फोन करतो." यात खरी वेळ आहे, मधल्या वेळेची सोय आहे आणि पुढची जबाबदारीही आहे. सरावात समुपदेशक चिडलेला पाहुणा झाला, तेव्हा तो प्रत्येक वाक्याला "सॉरी" जोडत राहिला. माफी एकदाच मागावी. तीच तीच मागत राहिलं की समोरच्याचा आवाज चढतो.

रजेसाठी पंचांगातून तारीख काढून दोन महिने आधी लेखी अर्ज दिला. बदल्यात नाताळची ड्युटी स्वतःकडे घेतली, म्हणजे ख्रिस्ती सहकाऱ्याला घरी राहता आलं. अर्जात फक्त एवढंच: गावच्या जत्रेला मला व्रत असतं, तीन दिवस लागतील. श्रद्धेची फोड करायची गरज नव्हती. आजारपण, घरातले वाद कामावर सांगण्याआधी ती माहिती आपल्यावर उलटेल का, हे पाहावंच. खरं वागण्यासाठी सगळं उघडं करावं लागत नाही.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. "आता मनातलंच बोलणार" असं ठरवून माणूस थेट साहेबाला सुनावतो. साठलेला राग बाहेर पडतो आणि नोकरी धोक्यात येते. म्हणून सुरुवात 4-5 ताणाच्या प्रसंगापासून करावी.

घरासाठी वेगळी सवय लागली. म्हापशाहून डिचोलीच्या बसमध्ये फोन खिशात ठेवायचा. घरी पोचल्यावर कपडे बदलून पंधरा मिनिटं शांत बसायचं. हे बायकोला आधी सांगून ठेवलेलं, नाहीतर त्या शांततेचाही रुसवा समजला जातो. मग दिवसातला एक प्रसंग सांगायचा, जमला नाही तोसुद्धा.

रजा दोनच दिवसांची मिळाली. हॉटेलचं ओव्हरबुकिंगही (खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेणं) चालूच आहे, ते त्याच्या हातात नाही. पण "ताप" गेला, आणि नोकरी सोडायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मात्र वहीतले बहुतेक आकडे 8 च्या वर असतील, खोटं बोलणं हाच कामाचा भाग असेल, तर काही महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून दुसरी नोकरी शोधणंच बरं. आणि दोन आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावरही कधीही बोलता येतं.