गिफ्टला कागद नको, साडीचा तुकडा चालेल का?

प्रश्न : ताई, नणंदेच्या वास्तुशांतीला डिनर सेटचा बॉक्स द्यायचाय, साधारण १२ इंची आहे. आईची जुनी कॉटनची साडी आहे, तिच्यात जपानी पद्धतीनं बांधता येईल का? कापड किती लागेल?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येईल की! त्याला फुरोशिकी म्हणतात, फुरो म्हणजे अंघोळ, पूर्वी तिकडं सार्वजनिक न्हाणीघरात लोक कपडे असल्याच कापडात बांधून न्यायचे, म्हणजे आपलं गाठोडंच म्हणा. कापड चौकोनीच हवं, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बॉक्सच्या तिप्पट, तुम्हाला २८ बाय २८ इंच पुरेल. बॉक्स मधोमध तिरका ठेवा, समोरासमोरची दोन टोकं वरून दुमडून घ्या, उरलेल्या दोन टोकांची गाठ मारा. गाठ मात्र नीट बघा हं, पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून, दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं की गाठ उभी राहते नि सरकते. साडी झिरझिरीत असेल तर दुहेरी घ्या. सेट जड असतो, त्यामुळं गाठीला धरून उचलू नका, खालून हात द्या. आणि काठ गाठीकडं येईल असं कापा, आईच्या साडीचा काठ आहे तो, दिसायलाच हवा.