परदेशात केजीच्या मुलांना अर्धवेळ इंग्रजी: जमेल, पण आधी व्हिसा बघा

नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशात आलात, जवळच्या बालवाडीने आठवड्यातून दोन सकाळी इंग्रजी शिकवाल का असं विचारलंय आणि अनुभव शून्य. सहा वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगते, जमेल.

फक्त आधी व्हिसा बघा. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधारे मिळालेल्या व्हिसावर, काम करायला बऱ्याच देशांत वेगळी परवानगी लागते. जपानमध्ये ती मिळाली तरी सहसा आठवड्याला २८ तासांचीच मुभा असते. 'रोख देतो, कागदपत्रं नकोत' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

आता वर्ग. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांची तयारी करून गेले आणि सात मिनिटांत सगळं संपलं! एक पोरगा टेबलाखाली, दोघं रडतायत. तेव्हापासून एकूण वीस मिनिटांचा वर्ग चार तुकड्यांत घेते: रोज तेच हॅलोचं गाणं, मग उड्या, मग चित्रांची गोष्ट, मग बाय-बाय. तेच-तेच करून कंटाळा आपल्याला येतो, मुलांना नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांची टोटल फिजिकल रिस्पॉन्स (ऐकून कृती करत भाषा शिकायची) पद्धत इथे फार कामाला येते. 'जंप' म्हणायचं आणि स्वतः उडी मारायची, 'टच युअर नोज' म्हणायचं आणि नाकाला हात लावायचा. मुलांनी बोललंच पाहिजे असं नाही, समजून कृती केली की झालं. माझ्या वर्गात एक मुलगी चार महिने गप्प होती. पहिला शब्द बोलली तो 'नो'. मला कोण आनंद! वर्गशिक्षिकेला मात्र नाही.

स्वतःच्या उच्चारांकडेही लक्ष द्या. आपण मराठी माणसं 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच 'व'मध्ये उरकतो आणि मुलं जसंच्या तसं उचलतात. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू होतो. आरशासमोर चार दिवस करून बघा.

पैसे ठरवताना एक लक्षात ठेवा, शाळा वर्गाचे तास मोजते, फ्लॅशकार्ड कापण्यात गेलेली रात्र मोजत नाही. सुट्टीत पगार मिळणार का, आजारी पडलात तर काय, हे लेखी घ्या. पहिले काही महिने मुलांची सर्दी तुम्हाला होणारच. वर्गात स्थानिक शिक्षिका पूर्ण वेळ हजर असेल ना आणि शू-शीला कोण नेणार, हेही आधीच विचारा.

होकार देण्याआधी एक सकाळ नुसतं मागे बसून वर्ग बघू द्या म्हणावं. तेवढ्यालाही शाळा नाही म्हणाली, तर मी तरी तिथे जाणार नाही.