डॅशबोर्डसाठी मुदत ठेव मोडावी का?

म्हापशाचे एक टॅक्सी व्यावसायिक लिहितात की, त्यांच्या २०१७ च्या इनोव्हा क्रिस्टाचा डॅशबोर्ड उन्हाने तडकला आहे, गिअरभोवतीची पट्टी आणि कप होल्डर तुटले आहेत, आणि सगळे बदलण्यास ६२ हजार रुपये लागतील. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडावी की वैयक्तिक कर्ज घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे. गाडी दोन वर्षांनी विकायची आहे.

माझ्या मते दोन्ही करू नये. आपण पाठवलेल्या कोटेशनमध्ये डॅशबोर्डचे ४१ हजार, कन्सोलच्या, म्हणजे गिअरभोवतीची पट्टी आणि कप होल्डर या भागांचे ९ हजार आणि मजुरीचे १२ हजार धरले आहेत, म्हणजे एका रकमेत दोन वेगळे निर्णय आहेत. कन्सोलचे भाग बहुतेक क्लिपवर बसतात, काही तासांत बदलता येतात आणि प्रवाशाच्या नजरेला सतत पडतात. तेवढे काम या महिन्याच्या कमाईतून करून घ्यावे. डॅशबोर्ड बदलायचा तर स्टिअरिंग, वायरिंग आणि एसीचे व्हेंट सोडवावे लागतात, त्यामुळे मजुरीचा मोठा वाटा तिथेच जातो आणि गाडी अडकून पडते. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात भाडी सोडणे परवडणारे नाही. पावसाळा त्यासाठी बरा.

कर्जाचे गणितही पाहावे. ६२ हजार रुपये १४ टक्के दराने दोन वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे २,९७७ रुपये हप्ता आणि एकूण सुमारे साडेनऊ हजार रुपये व्याज पडते. विकताना घेणारा आधी इंजिन, किलोमीटर आणि कागदपत्रे पाहतो; नव्या डॅशबोर्डची किंमत तो भरून देईल असे धरून चालू नये. विम्याचीही आशा ठेवू नये, कारण उन्हाने झालेली झीज दाव्यात बसत नाही आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारे जोड-कवच) घेतल्यानेही ती बसू लागत नाही.

आपले कोटेशन जुलै २०२५ चे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला असल्याने करासह ५० हजारांच्या भागांवर सुमारे ३,९०० रुपये कमी व्हायला हवेत. सुधारित कोटेशन मागावेच.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये, आणि हे मी आग्रहाने सांगतो. तडा पुढच्या सीटसमोरच्या एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या कडेला असेल, तर पावसाळ्याची वाट न पाहता अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावे आणि निष्कर्ष लेखी मागावा. त्या जागी चिकटपट्टी, फेव्हिक्विक किंवा वरून चिकटवलेले कव्हर चालणार नाही, कारण एअरबॅग उघडण्याच्या वाटेत ते येते. बदल अटळच ठरला, तर मुदतपूर्व मोडण्याचा दंड बँकेत विचारून, ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज मिळते का, हे पाहावे. ते वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडते. हिशेबवह्या ठेवून विवरणपत्र भरत असाल, तर दुरुस्तीचे बिल खर्चात दाखवता येते, म्हणून ते व्यवसायाच्या नावाने घ्यावे.